केळीची खोली आणि उत्प्रेरकाचें माप

केळीविषयीं खानदेशांतील वाचकांस आम्हीं कांहीं शिकवावें, असें नाहीं. रावेर, यावल, चोपडें, शिरपूर या तालुक्यांत घड हिरवाच उतरवितात. लांब पाठवावयाचा असल्यास तो १३ ते १४ अंश सेल्सिअसच्या खोलींत ठेवावा लागतो. उष्णता वाढली तर फळ वाटेंतच पिकतें. फार उतरली तर साल काळवंडते. बाहेर जळगांवचा वैशाख ४५ अंशांच्या घरांत असतां आंत हें माप राखावयाचें, तें यंत्राच्या बळावर खरें. पण तितकेंच भिंतीच्याहि.

या भिंतींत दोन पत्र्यांमध्यें कठीण पॉलियुरेथेन फोम भरतात. या रसायनाचा पाया १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घातला. फोमाच्या असंख्य बंद पेशींत वायु कोंडलेला असतो; म्हणून त्याचा दहा सेंटिमीटरांचा थर उष्णता अडविण्यांत दोन मीटर जाडीच्या विटांच्या भिंतीसहि मागें टाकतो.

हा फोम कसा होतो, हें आमच्या भगिनींस ढोकळ्यावरून सहज कळेल. पीठ वाफेवर धरण्यापूर्वींच वायु निघून गेला, तर ढोकळा बसतो. पीठ आधींच घट्ट झालें, तर तो फुगत नाहीं. पॉलिओल व आयसोसायनेट हे द्रव एकत्र येतांच अशाच दोन क्रिया चालू होतात. एकींत रेणूंचें जाळें विणलें जाऊन मिश्रण घट्ट होतें. दुसरींत आयसोसायनेट व पाणी यांच्या संयोगानें कार्बन डायऑक्साइड सुटून तें फुगतें. दोहोंचा मेळ राखणें हें उत्प्रेरकांचें काम. कांहीं अमाइनें फुगण्यास विशेष साहाय्य करतात; दुसरीं कांहीं अमाइनें व कथिलाचीं संयुगें घट्ट होण्यास. सोडा खर्ची पडतो, उत्प्रेरक मात्र पडत नाहीं. तो केवळ वेग वाढवितो. म्हणूनच त्याच्या थोड्याशा फरकानेंहि सारा तोल जातो.

त्यांत ऋतूची भर. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं अशा क्रियांचा वेग साधारणपणें दुप्पट होतो. धुळ्याच्या पौषांतील पहाटेस ठरविलेलें माप वैशाखाच्या दुपारीं चालावयाचें नाहीं. मिश्रण कोपऱ्यांत पोहोंचण्यापूर्वींच थिजेल. यासाठीं जाणता कारागीर द्रवांची उष्णता पाहतो, थोडें मिश्रण कागदी पेल्यांत ओततो आणि घड्याळ लावून बसतो. मिश्रण दुधाळ केव्हां झालें, काडी बुडवितां पाकासारखी तार केव्हां सुटली, पृष्ठभाग बोटास चिकटेनासा केव्हां झाला, या तीन वेळा तो टिपतो. एच.सी.एफ.सी.-१४१बी हा फुगविणारा द्रव ओझोनास घातक म्हणून भारतानें १ जानेवारी २०२० पासून त्याची आयात बंद केली. असा द्रव बदलला कीं हीं सारीं मापें नव्यानें ठरवावीं लागतात.

उतावळेपणानें राहिलेली पोकळी पत्र्याआड दिसत नाहीं. ती दिसते विजेच्या देयकांत आणि अकालीं पिकलेल्या घडांत. आणि तोंवर शेतकऱ्याचें वर्ष गेलेलें असतें. म्हणून खोली बांधून घेणाऱ्यांस आमची एवढीच विनंति कीं, पत्र्याच्या चकाकीवर न भुलतां त्याच दिवशीं ओतलेल्या फोमाचा एक तुकडा कापून पाहावा. पेशी बारीक व सारख्या असाव्या, आणि बोटानें दाबितां तो खचूं नये.