रेडिओचे बटण खरखरते? आधी साफ करून पाहा

जीप असो, जुनी मोटार असो की ट्रॅक्टर. रेडिओचा आवाज कमीजास्त करताना खरखर सुरू झाली की पुष्कळ मंडळी ‘सेट गेला’ म्हणून नव्याच्या किमती विचारू लागतात. वाचकहो, घाई करू नका. बहुतेक वेळा दोष असतो तो धुळीचा.

बटणामागे एक छोटी डबी असते. तिला व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतात. तिच्यात घोड्याच्या नालासारखी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक काटा फिरतो. शेतरस्त्याची धूळ आत शिरली की काटा पट्टीला नीट टेकत नाही आणि खरखर होते. हा नुसता कानाला त्रास नव्हे. उसाची ट्रॉली ओढताना आवाज एकाएकी कडाडला, तर चालकाचे लक्ष रस्त्यावरून उडते.

आधी दोष ओळखा. बटण फिरवतानाच खरखर होत असेल, तर डबीत धूळ आहे. हात न लावताही होत असेल, तर एरिअल किंवा एखादी तार सैल आहे का पाहा. आवाज सदा मोठाच राहून कमीच होत नसेल, तर डबीच्या तीन पायांपैकी अर्थचा पाय सुटलेला असू शकतो. तिथे कथलाचा डाग दिला की काम भागते.

आता साफसफाई. इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार आधी सोडा आणि जोडताना ती शेवटी जोडा, म्हणजे पाना पत्र्याला लागून ठिणगी उडणार नाही. काही सेट बॅटरी सोडल्यावर गुप्त क्रमांक मागतात. तो आधीच शोधून ठेवा. तारांचा मोबाइलवर फोटो घेऊन सेट बाहेर काढा. डबीच्या पायांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा थोडासा फवारा मारा. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत २० ते २५ वेळा फिरवा आणि पूर्ण वाळल्यावरच वीज जोडा. पेट्रोल वापरू नका, ते पेट घेते. रॉकेलही नको, त्याच्या तेलकटपणावर धूळ बसते. क्लीनरही पेटतो, दारे उघडी ठेवा, विडीकाडी दूर ठेवा.

ज्या नव्या सेटचे बटण न अडता गोल फिरत राहते, त्यात कार्बनची पट्टी नसते, खटके मोजणारे संपर्क असतात. ते मळले की वाढवताना आवाज उलट कमी होतो. तिथेही आधी सफाई करून पाहा.

खरखर लवकर परत आली, तर पट्टी झिजली समजा. बाजारात जाताना जुना कंट्रोल सोबत न्या आणि त्यावरचा आकडा जुळवून घ्या. आवाजासाठी बहुधा ‘लॉग’ जातीचा कंट्रोल असतो. त्याऐवजी ‘लिनियर’ बसवला, तर बटण जरा फिरवताच आवाज एकदम चढतो.

नवा कंट्रोल टाकूनही खरखर राहिली, तर एखादा कपॅसिटर गळत असण्याचा संभव आहे. ते काम कारागिराचे. काय काय केले ते त्याला सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.