मोबाईल अब्बांच्या खिशात, तालीम कुणाच्या हातात?

३ डिसेंबर २०२० रोजी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. दहा लाख डॉलरच्या या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या थांबल्यावर आमच्या मोहल्ल्यांनी यातून काय घेतले? फक्त ‘क्यूआर कोड’ हा शब्द!

डिसले २००९ साली त्या शाळेवर गेले. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तक मात्र दुसऱ्याच भाषेत. या शिक्षकाने आधी मुलांची भाषा शिकून घेतली. मग पुस्तकात कोड चिकटवले. मोबाईल धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. पुढे २०१७ मध्ये राज्याने आणि २०१८ मध्ये एनसीईआरटीने पाठ्यपुस्तकांत कोड आणण्याचे जाहीर केले. सरकारने कोड उचलला, पण भाषा शिकणारा शिक्षक काही छापता येत नाही.

आमच्या मुलांचे तरी वेगळे काय आहे? घरात दखनी, नाहीतर कोकणी बोली, गल्लीत मराठी, शाळेत कुठे उर्दू, कुठे मराठी, आणि आता ऐपत नसतानाही इंग्रजी. या मुलाला कोणत्या भाषेत कळते, हे कुणी विचारले आहे?

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि आमचे पितळ उघडे पडले. घरात मोबाईल एकच, तोही अब्बांच्या खिशात. ते कामावरून परत आले की आधी मुलाचा नंबर, मग मुलीचा. तोवर रिचार्ज संपलेला. वर काही बुजुर्गांचा सल्ला असा की, पोरींच्या हातात मोबाईल देऊ नका, बिघडतात. आम्ही त्यांना विचारतो, नमाजात लाऊडस्पीकर वापरावा की नाही यावरही गेल्या शतकात फतवे निघाले होते ना? आज किती मशिदी त्याच्याशिवाय आहेत? यंत्र हलाल-हराम ठरवायला आपल्याला एक पिढी लागते. तेवढ्यात एका पिढीच्या मुली घरी बसतात. ज्या दीनची सुरुवातच वाचण्याच्या हुकमाने झाली, त्याच्या नावाने वाचण्याचे साधन हिसकावून घेणे कोणत्या हिशेबात बसते?

दुसरीकडे आमच्या शिक्षणाचा विषय निघाला की ‘मदरसा’ म्हणून मोकळे होणारे विद्वान आहेत. सच्चर समितीने २००६ सालीच सांगून टाकले की, मदरशात शिकणाऱ्या मुस्लिम मुलांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीची मुले तुमच्याच शाळांत आहेत. त्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर, गळक्या छपरांवर का बोलत नाही?

आणि आमचे संस्थाचालक? अशा शाळा आम्ही पाहिल्या आहेत, जिथे देणगीतून संगणक आले, उद्घाटन झाले, फोटो निघाले आणि खोलीला कुलूप लागले. किल्ली मुख्याध्यापकांकडे. मुलांनी हात लावला तर बिघडतील म्हणे! मग ते आणले कुणासाठी? उर्दू टायपिंग शिकवायला एक शिक्षक नाही, पण वार्षिक अहवालात संगणक कक्षाची नोंद दरवर्षी.

आम्हाला दुसरा डिसले नको आहे. पुरस्कार हजारात एकाला मिळतो, शिकायचे मात्र सगळ्यांना आहे. आम्हाला हवा आहे मुलांची बोली कानाने ओळखणारा साधा शिक्षक, उघडी संगणक खोली आणि संध्याकाळी एक तास मुलीच्या हाती दिलेला मोबाईल. पहिल्या दोन गोष्टी सरकारकडे आणि संस्थेकडे भांडून मागाव्या लागतील. तिसरीसाठी मोर्चा काढायची गरज नाही. खिशात हात घालायचा आहे, एवढेच.