पारदर्शक लेपाची निवड



शाळेच्या प्रदर्शनासाठी आमच्या नातीने वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्याची, म्हणजे इंद्रसभेची, लहानशी प्रतिकृती केली. प्रांगणातील एकसंध पाषाणमंदिर, मानस्तंभ आणि एका बाजूस हत्ती. पातळ प्लायवूड व पुठ्ठा यांतून महिनाभर खपून तिने सारे उभे केले आणि रंगविले. मग विचारले, "दादाजी, धूळ आणि हातांचे डाग लागू नयेत म्हणून यावर कोणते पॉलिश लावू?" घरात उरलेला पॉलिशचा डबा मी तिच्या हाती देणारच होतो, परंतु अजिंठा आठवला आणि हात थांबला.

अजिंठ्याची लेणी आपल्या शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. एकोणिसाव्या शतकात तेथील चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी रेषा ठळक दिसाव्यात म्हणून भिंतींवर वॉर्निश लावले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेंझो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञास आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना पाचारण केले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा पक्का केला, हे त्यांचे उपकार मोठेच. मात्र रक्षणासाठी दिलेला शेलॅकचा, म्हणजे चपड्या लाखेचा, लेप काळाच्या ओघात पिवळा व काळपट झाला आणि त्याखाली मूळ रंग झाकोळले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो पुढे मोठ्या सावधगिरीने, थोडाथोडा करून काढावा लागला. हेतू निर्मळ होता. तरीही त्या लेपाचे देणे पुढच्या पिढीला फेडावे लागले.

घरातील छोट्या प्रतिकृतीलाही हाच न्याय लागू पडतो. लेप निवडताना प्रथम पाहावे, की खालची वस्तू तो सोसेल काय? थिनरवर आधारलेले लॅकर काही प्लॅस्टिक मऊ करते, आणि थर्मोकोल तर पार वितळवते. स्पिरिटमधील पॉलिशने मार्कर पेनाची शाई पसरते. दुसरे असे, की आज स्वच्छ दिसणारा लेप उद्या कसा दिसेल? तेलाचे वॉर्निश आणि तेलावर आधारलेले पॉलियुरेथेन टणक असले, तरी हळूहळू पिवळे पडतात. पांढऱ्या रंगावर ते लगेच जाणवते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वॉर्निश मात्र बराच काळ निर्मळ राहते व त्याचा वासही कमी असतो. पुठ्ठा ओलाव्याने वाकू नये म्हणून एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा.

चकाकीचाही विचार हवा. लेणे आपण दुरून पाहतो, तेव्हा त्याचा दगड चमकत नाही. म्हणून लहान प्रतिकृतीवर चकचकीत लेप दिला, की ती खेळण्यासारखी भासते. तेथे मॅट लेपच शोभतो. फवारणीचा लेप पावसाळ्याच्या दमट हवेत पांढुरका पडतो, तेव्हा कोरडा दिवस पाहून, घराबाहेर मोकळ्या हवेत फवारावा.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत ठाऊक असावी. चपडा हा लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून होतो. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवरून लाख खरवडून काढताना असंख्य सूक्ष्म जीवांचा घात होतो. सुतार ज्याला स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतात, त्यात सहसा हाच चपडा असतो. आमच्या डब्यातही तोच होता.

अखेरीस नातीने पाण्याचे मॅट ॲक्रिलिक वॉर्निश आणले. उरलेल्या पुठ्ठ्याचा आणि प्लायवूडचा एकेक तुकडा त्याच रंगांनी रंगवून त्यावर प्रथम लेप देऊन पाहिला, दोन दिवस थांबली, मगच प्रतिकृतीला हात लावला. हत्ती प्लॅस्टिकचा होता. त्याच्या पायाच्या तळव्यावर वेगळी परीक्षा झाली. प्रतिकृतीच्या तळाशी तिने लेपाचे नाव, किती हात दिले आणि तारीख लिहून ठेवली आहे. आपण वहीत प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवतो, तशीच ही नोंद. उद्या कोणास तो लेप काढावा लागला, तर त्याला अंदाजाने चाचपडावे लागणार नाही.