दोन एकरांची बाजू

महाराष्ट्रातल्या शेतीचं काय करायचं, हा विषय निघाला की एक उत्तर हमखास पुढे येतं : तुकड्यांची शेती आता परवडत नाही, ती एकत्र करा, भांडवल असलेल्यांच्या हाती द्या आणि बाकीच्यांनी गावाबाहेर दुसरं काम शोधावं. हे उत्तर देणारे सगळेच शेतकऱ्यांचे वैरी नसतात. त्यांच्यात अर्थशास्त्राचे अभ्यासक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, आणि मुलगा एकदाचा पुण्याला नोकरीला लागला म्हणून सुटल्यासारखं वाटणारे शेतकरी बापही आहेत. म्हणूनच हा पूर्वपक्ष हात झटकून उडवून लावण्यासारखा नाही.

त्याच्या पाठीशी आकडे आहेत. कृषिगणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातल्या खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. देशाची सरासरी तर १.०८ हेक्टरच आहे, आणि दर शंभरांतल्या ८६ खातेदारांची जमीन दोन हेक्टरांच्या आत आहे. मिळकतीचं चित्रही तसंच. २०१८-१९च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकांचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. सरकारदरबारी ‘शेतकरी’ म्हणून नोंदलेलं घर पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगतं, हा त्याचा सरळ अर्थ.

इथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. मिळकत तुटपुंजी आहे आणि शेतही लहान आहे, तेव्हा मिळकत तुटपुंजी असण्याचं कारण शेताचं लहानपणच असणार, असं धरून चाललं जातं. हे गृहीतक तपासायला नको का?

ते तपासलं गेलं त्यालाही आता साठ वर्षं उलटली. १९५०च्या दशकात केंद्र सरकारने वेगवेगळ्या राज्यांत शेती व्यवस्थापनाच्या पाहण्या केल्या. त्यांचे आकडे घेऊन अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’त दाखवून दिलं, की शेत जसं मोठं होत जातं तसं दर एकरी उत्पादन कमी होत जातं. कारण समजायला अवघड नाही. दोन एकरांच्या धन्याला मजूर लावून राखणदारी करावी लागत नाही. घरची माणसं राबतात, बांधावर शेवगा लावतात, एक पीक निघालं की रान मोकळं ठेवत नाहीत. हा निष्कर्ष सर्वत्र आणि सर्वकाळ सारखाच लागू पडतो असं नाही. खतं, सुधारित बियाणं आणि यंत्रं आल्यावर काही भागांत हा फरक पुसट झाला. पण लहान शेत म्हणजे नापीक शेत, या समजुतीला त्यानंतर आधार उरला नाही. अडचण दर माणशी मिळकतीची आहे. एकरामागे जास्त पिकवूनही घरात कमी पैसे येत असतील, तर दोष शेताच्या बांधाच्या आत शोधण्यापेक्षा बाहेर शोधायला हवा.

मोठ्या शेतीचा दाखला म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवलं जातं. तिथलं सरासरी शेत २०२२च्या गणनेत ४६३ एकरांचं होतं. पण त्या शेतांवर पिकणाऱ्या मक्याचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, आणि ही शेती तगते ती सरकारच्या पीकविम्याच्या आणि अनुदानांच्या टेकूवर. असा टेकू कुणालाही उभं ठेवील. मग तोच टेकू दोन एकरांना दिला तर ती उधळपट्टी कशी ठरते?

खंडन दुसऱ्या बाजूचंही करायला हवं, कारण लहान शेतीचे कैवारीही तिचं नुकसान करत आले आहेत. ‘जगातलं सत्तर टक्के अन्न छोटे शेतकरी पिकवतात’ हे वाक्य भाषणांतून सर्रास ऐकू येतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा दोन हेक्टरांखालच्या शेतांचा वाटा सुमारे ३५ टक्के भरला. पण तोही जगातल्या शेतजमिनीपैकी सुमारे १२ टक्के जमिनीवर पिकवलेला! खरा आकडाच इतका भक्कम असताना फुगवलेला मिरवायचा कशाला? ‘स्थानिक अन्न म्हणजे पर्यावरणाला पूरक अन्न’ हेही असंच अर्धसत्य. पूर आणि नेमेसेक या संशोधकांचा २०१८ मधला, ११९ देशांतल्या अडतीस हजारांहून अधिक शेतांवर आधारलेला अभ्यास सांगतो, की अन्नातून होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम सहा टक्के आहे. माल किती किलोमीटरवरून आला यापेक्षा काय पिकवलं आणि कसं पिकवलं, याला वजन जास्त. आणि रसायनं एका फटक्यात बंद करा म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेकडे पाहावं. २०२१च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांवर बंदी घातली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि वर्ष संपायच्या आत बंदी मागे घ्यावी लागली. त्यात होरपळले ते छोटे शेतकरीच.

आता मंडन. त्यासाठी पहाटे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या डेअरीवर जावं.

सहाच्या सुमाराला ओळ लागलेली असते. कुणाच्या किटलीत चार लिटर, कुणाच्या दीड. नमुना यंत्राखाली धरला जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) पडद्यावर उमटतं, वजन होतं, चिठ्ठी हातात पडते. दर दहा दिवसांनी बिल. दीड लिटरवालीला आणि चाळीस लिटरवाल्याला फॅटमागे दर एकच. संध्याकाळी पुन्हा तेच. गावाबाहेर शीतकरणाची टाकी, तिथून टँकर, पुढे संघाचा कारखाना. थंडीत दूध जास्त झालं की त्याची भुकटी आणि लोणी होतं, उन्हाळ्यात तुटवडा पडला की ते कामी येतं. दोन-तीन जनावरांच्या गोठ्यांतून आलेल्या दुधावर भारत १९९८ पासून जगातला सर्वांत मोठा दूधउत्पादक आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध निघालं. गोठा लहानच राहिला आणि गोठ्यापलीकडचं सगळं मोठं झालं. सहकारी दूध संघांची ही व्यवस्था १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यात सुरू झाली आणि कोल्हापुरात ‘गोकुळ’ १९६३ मध्ये उभं राहिलं. दुधाचे दर पडतच नाहीत असं नाही. २०२४च्या सुरुवातीला गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यायची वेळ राज्य सरकारवर आली. पण दर पडला तरी दूध कुणी घेतलं नाही म्हणून ओतून द्यावं लागत नाही, दीड लिटर असलं तरीही.

हेच घर टोमॅटो किंवा कांदा घेऊन बाजारात गेलं तर काय होतं? रात्री गाडी भरायची, पहाटे सौद्याला उभं राहायचं, आणि हातात येते ती पट्टी : हमाली इतकी, तोलाई इतकी, गाडीभाडं इतकं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि खर्च वजा जाता त्याला दोन रुपयांचा धनादेश मिळाला. त्याच्याकडे पन्नास एकर असते तर त्या दिवशी तोटा पन्नास एकरांचा झाला असता.

ऊस हे या मुद्द्याचं दुसरं टोक. महाराष्ट्रातला ऊस प्रामुख्याने लहान शेतकऱ्यांचाच आहे, आणि लागवडीखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्क्यांवरचं हे पीक सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितं, असं कृषी मूल्य आयोगानेच नोंदवलं आहे. लहान शेती आपोआप शाश्वत ठरते, हा भ्रम इथे संपतो. मात्र शेतकऱ्याला अडाणी किंवा लोभी ठरवण्याआधी त्याचा हिशेब पाहायला हवा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या वाटेने पुढे ऊस हे खात्रीचं गिऱ्हाईक असलेलं पीक झालं. तोड कारखान्याची, वाहतूक कारखान्याची, किमान दर कायद्याने ठरलेला. तूर, हुलगा, बाजरी यांच्यासाठी एवढी व्यवस्था कुणी कधी केली? कारखान्यांत राजकारण शिरलं, अनेक बुडाले, बिलं थकली, हे सगळं खरं. तरीही शेतकरी उसाकडेच वळतो, कारण बाकीच्या पिकांना असं गिऱ्हाईकच नाही.

पाण्याचा प्रश्न लहान शेतीला सोडवता येतो, याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे, आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते. १९७२च्या दुष्काळाने हललेले पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. देवस्थानाची ओसाड माळरानाची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी तिच्यावर पडणारं पाणी अडवून-मुरवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्ध्या एकराचं, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांपुरतंच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा गटाने स्वतः उभा करायचा. त्या सगळ्या योजना पुढे टिकल्या नाहीत, पण कोरडवाहू मुलखात अर्ध्या एकराचं पाणी माणसाला गावात राहू देतं, हे तिथे सिद्ध झालं. पुढे हिवरे बाजार या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्यावर पिकं ठरवायला सुरुवात केली, तीही याच विचाराची वाट.

अन्नाच्या बाजूने पाहिलं तर लहान शेताचं मोल आणखी ठळक होतं. मराठवाड्यात, विदर्भात ज्वारीच्या रानात तिफणीमागे सरतं बांधून तुरीची ओळ टाकत, मधूनच मूग-उडीद, कडेने अंबाडी आणि तीळ. पाऊस लवकर गेला तरी मूग घरात आलेला असे, उशिरापर्यंत टिकला तर तूर साधे, आणि कडब्यावर जनावरं जगत. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बांधत, ते वेगळंच. आज त्याच जमिनींवर सोयाबीन आहे. राज्यात पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास. २०२४च्या हंगामात त्याचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, आणि बऱ्याच बाजारांत व्यवहार चार हजारांच्या आगेमागे झाले. विकलं तरच घरात डाळ येणार, अशी शेती करणाऱ्याच्या ताटाचा भाव आता दुसरेच ठरवतात.

बियाणांचंही तसंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती वाल-घेवड्यांसारख्या गावरान वाणांची बियाणं जपून ठेवल्याबद्दल. राख लावून मडक्यात राखलेलं बी गावात द्यायचं आणि सुगीला दुप्पट परत घ्यायचं, असा त्यांच्या बीजबँकेचा व्यवहार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या तोकड्या जमिनीत वेगळ्या दिसलेल्या भाताच्या लोंब्या निवडून वर्षानुवर्षं जोपासल्या आणि ‘एचएमटी’ हा वाण दिला. तो राज्याबाहेरही पसरला. त्यांना स्वतःला त्यातून फारसं काही मिळालं नाही, आणि २०१८ मध्ये ते गेले तेही हलाखीतच. एवढं देणाऱ्या माणसाला ‘न परवडणारा’ म्हणणारी व्यवस्था आपल्या हिशेबाची वही एकदा तपासून पाहील तर बरं.

पिकांना दुधासारखं गिऱ्हाईक मिळवून देणं अशक्य नाही. ब्राझीलने २००९ मध्ये कायदा केला, की शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या पैशांतून किमान ३० टक्के खरेदी कुटुंबशेती करणाऱ्यांकडूनच झाली पाहिजे. महाराष्ट्रातल्या हजारो शाळांत आणि अंगणवाड्यांत रोज आहार शिजतो. तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. त्या आहारातली तूर, मूग, मटकी, भाकरीचं पीठ आणि भाजी तालुक्यातल्याच शेतकरी गटांकडून, पेरणीआधी जाहीर केलेल्या दराने आणि दहा दिवसांत बिल चुकतं करून घ्यायचं ठरवलं, तर त्यासाठी नवी जमीन लागणार नाही, नवं धरण लागणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी चाळणी आणि डाळमिल, एक कोरडं गोदाम, ओलावा मोजायचं यंत्र आणि डेअरीवर मिळते तशी छापील चिठ्ठी, एवढी सोय लागेल. बाजार समित्यांना आणि विकास सोसायट्यांना जागा आहेत, काही ठिकाणी गोदामंही पडून आहेत. पहिली खरेदी तुरीची करावी. ती टिकते, तिला पाणी कमी लागतं, आणि ती दोन एकरांतही होते.