लाल मुनिया, हिरवी मुनिया

बरेच दिवस काही लिहिलं नाही. आज बसलो ते मामेभावाच्या फोनमुळे. त्याला लाल मुनियांची जोडी पाळायची आहे. म्हणे, "दुर्मीळ ती हिरवी. लाल तर ढिगानं आहेत, मग काय हरकत?"

यादीपुरतं त्याचं बरोबर आहे. आययूसीएनच्या लेखी हिरवी मुनिया असुरक्षित आणि लाल काळजी न करण्यासारखी. खरं तर दोघी सख्ख्या बहिणीच. तीच इवलीशी लाल चोच, गवताचं बी टिपणं, उंच गवतात नाहीतर उसात राहणं. पावसाळ्यात गिरणेकाठी बघा, लाल मुनियाचा नर रंगात आलेला असतो, अंगभर पांढरे ठिपके... नुसतं बघत राहावं! हिरवी वरून हिरवी, पोटाला पिवळी, कुशीला काळे-पांढरे पट्टे. मी ती फोटोतच पाहिली आहे. हौशी लोक तिच्यासाठी माउंट अबू गाठतात.

पिंजऱ्यासाठी दोघींनाही पकडलं गेलं. त्यांच्या शास्त्रीय नावातलं 'अमंदावा' म्हणजे चक्क अहमदाबाद, कारण तिथून हे पक्षी परदेशी विकायला जात. पण लाल मुनिया पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेली. पिंजऱ्यातून सुटलेल्यांनी स्पेनमध्ये आणि फिजी बेटांवरसुद्धा संसार थाटले. हिरवी फक्त भारतात, तीही तुकड्यातुकड्यांत. एक थवा जाळ्यात गेला की त्या भागातून ती संपलीच म्हणायची.

म्हणून मला 'ढिगानं आहेत' हा हिशोब पटत नाही. तो ढीग जगभरातला आहे, आपल्या बांधावरचा नव्हे. लाल मुनिया मागणारे गिऱ्हाईक असले की पारधी जाळं लावणार, आणि त्यात हिरवी आली तर तो काही सोडून देणार नाही, उलट जास्त भाव सांगेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून देशी रानपक्ष्यांचा व्यापार बंद आहे, लाल असो की हिरवी. (साधी मुनिया रंगवून विकतात, ते वेगळंच!)

असो. आपल्या खानदेशात १८८४ नंतर खात्रीनं न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ सापडला होता, त्यामुळे मी आशा सोडलेली नाही. गौताळ्यात किंवा पाटणादेवीकडे कुणाला हिरवी मुनिया दिसलीच, तर मला जरूर कळवा. जागा मात्र इथे उघड लिहू नका, फोन करा.