घरगुती संगणकाचा कारभारी कोण असावा?

संगणक विकत घेताना मनुष्य त्याचा पडदा पाहतो, स्मृतीची क्षमता विचारतो, किमतीची घासाघीस करतो. परंतु त्या यंत्राचा कारभार जिच्या हाती राहावयाचा, त्या संचालन-प्रणालीची, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमची, चौकशी तो क्वचितच करतो. प्रक्रियकाचा वेळ निरनिराळ्या कामांस वाटून देणे, स्मृतीतील जागा नेमून देणे, फायली जतन करणे आणि छपाईयंत्रासारख्या उपकरणांकडून काम करवून घेणे, ही सारी कामे तिचीच होत. कारभारी बदलला म्हणजे घराची शिस्त बदलते. तसेच येथेही घडते.

घरगुती वापरात मुख्यतः तीन प्रणाली आढळतात. मायक्रोसॉफ्टची विंडोज १९८५ साली बाजारात आली. तिचे बळ तिच्या प्रसारात आहे. हिशेबाचे कार्यक्रम, खेळ, छपाईयंत्रे ह्यांचे निर्माते प्रथम तिचा विचार करतात, आणि गल्लीतील दुरुस्ती करणाऱ्यासही तीच परिचित असते. अ‍ॅपलची मॅकओएस अधिकृतपणे केवळ अ‍ॅपलच्याच यंत्रांवर चालते. यंत्र व प्रणाली एकाच हाताने घडल्यामुळे दोहोंचा मेळ उत्तम बसतो. मात्र त्याचे मोल अधिक पडते. तिसरी लिनक्स. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने तिच्या गाभ्याचा आरंभ केला. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्यास जोड मिळाली. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी व इतरांस द्यावी. भारतात सी-डॅक ह्या संस्थेने बॉस ही तिची आवृत्ती सिद्ध केली, आणि केरळातील शाळांनी तिच्याच आधारे संगणक-शिक्षण चालविले.

ही तुलना आज केवळ रुचीचा प्रश्न राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा समाप्त झाली. त्या दिवशी कोणाचेही यंत्र बंद पडले नाही. परंतु सुरक्षेतील नव्या छिद्रांना ठिगळे लावण्याची नित्याची व्यवस्था संपली. वैयक्तिक ग्राहकांस मर्यादित मुदतवाढ देण्यात आली, पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ करिता टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रक्रियक आवश्यक ठरविण्यात आला. त्यामुळे अनेक धडधाकट यंत्रे अपात्र ठरली. ज्यावर मुलांचा अभ्यास व घरचा पत्रव्यवहार सुखाने चालतो, असे यंत्र भंगारात काढणे हा धनाचा अपव्यय होय, आणि कचऱ्यात भर ती निराळीच.

अशा घराने नवे यंत्र घेण्यापूर्वी लिनक्सची परीक्षा अवश्य करावी. ती अवघड आहे, हा आक्षेप एके काळी खरा होता. आता फायरफॉक्स व क्रोम तिन्ही प्रणालींवर सारखेच चालतात; लेखनाकरिता लिबरऑफिस विनामूल्य मिळते; आणि युनिकोडमुळे एका प्रणालीवर लिहिलेले मराठी पत्र दुसरीवर जसेच्या तसे वाचता येते. मात्र जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांतील मजकूर आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो. ज्याची उपजीविका केवळ विंडोजवर चालणाऱ्या हिशेबाच्या कार्यक्रमावर अवलंबून आहे, त्याने मात्र हट्टाने प्रणाली बदलू नये. साधनाने कामाची सोय पाहावी, कामाने साधनाची नव्हे.

परीक्षेची रीत सोपी आहे. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून, मूळ प्रणालीस धक्का न लावता, चालवून पाहता येतात. फायलींची प्रत प्रथम अन्यत्र ठेवावी. मग वायफाय जोडले जाते काय, छपाई होते काय, मराठी टंकलेखन जमते काय आणि बँकेचे पान उघडते काय, एवढे चार प्रश्न विचारावेत. चारांचे उत्तर होकारार्थी आले, तर जुन्या यंत्रास आणखी काही वर्षांचे आयुष्य लाभले असे समजावे. न आले, तर खर्च अटळ आहे. पण तो विचारपूर्वक केलेला असेल, हेही थोडे नव्हे.