वारसा आणि वचक

जयललिता यांच्या राजकीय कारकिर्दीचे वर्णन करताना ‘चित्रपटांतील लोकप्रियतेच्या भांडवलावर सत्ता मिळविणारी नटी’ असे एक ठरीव वाक्य वापरले जाते. ते सोयीचे आहे. खरे मात्र नाही. १९८२ साली त्यांनी अण्णा द्रमुक पक्षात प्रवेश केला तेव्हा त्यांचा पडद्याशी असलेला संबंध संपला होता, आणि तामिळनाडूतील प्रेक्षक मतदानाच्या वेळी ज्याच्याकडे पाहत होता तो नायक होता, नायिका नव्हे.

हा भेद ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही. तामिळ चित्रपट आणि द्रविड चळवळ यांचे नाते जुने आहे. अण्णादुराई आणि करुणानिधी हे दोघे मुख्यमंत्री पटकथा-संवादलेखक होते. एम. जी. रामचंद्रन यांनी तर आपली प्रत्येक भूमिका पुढील निवडणुकीसाठीच बेतावी तशी बेतली होती. कधी कोळी, कधी रिक्षावाला, कधी गुलामांचा मुक्तिदाता; पडद्यावर मद्य आणि धूम्रपान कटाक्षाने वर्ज्य; आई आणि दुबळा यांच्यासाठी सदैव धावून जाणारा. १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्या भाबड्या चाहत्यांना त्यात नवे असे काही वाटलेच नसेल. परंतु या चित्रपटांत नायिकेचे काम काय होते? नाचावे, गावे, संकटात सापडावे आणि नायकाने सोडवावे. रामचंद्रन यांच्यासमवेत अठ्ठावीस चित्रपट करूनही जयललिता यांच्या वाट्याला राज्यकर्तीची प्रतिमा आली नाही. आली ती कुजबूज.

त्यातून त्या जन्माने तामिळनाडूच्याही नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९४८ रोजी म्हैसूर संस्थानातील मेलकोटे येथे एका अय्यंगार ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांच्या असताना वडील वारले. आईने ‘संध्या’ या नावाने चित्रपटांत कामे करून संसार चालविला. मद्रासच्या चर्च पार्क कॉन्व्हेंटमधून उत्तम गुणांनी मॅट्रिक झालेल्या या मुलीला पुढे शिकावयाचे होते. घरच्या अडचणीमुळे ते राहिले. १९६५ मध्ये श्रीधर यांच्या तामिळ चित्रपटात त्या चमकल्या आणि त्याच वर्षी रामचंद्रन यांच्या नायिका झाल्या. ब्राह्मणेतर चळवळीतून जन्मलेल्या पक्षाचे नेतृत्व पुढे अशा स्त्रीकडे जावे, आणि एकोणसत्तर टक्के आरक्षणाचा कायदा तिच्याच कारकिर्दीत १९९३ मध्ये होऊन पुढील वर्षी तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात समाविष्ट व्हावा, हे द्रविड राजकारणातील एक विलक्षण वळण म्हटले पाहिजे.

रामचंद्रन यांनी त्यांना १९८३ मध्ये पक्षाचे प्रचारचिटणीस केले आणि १९८४ मध्ये राज्यसभेवर पाठविले. दिल्लीत अस्खलित इंग्रजी बोलणारा प्रतिनिधी त्यांना हवा होता. पक्षातील जुन्या मंडळींना मात्र ही बाई नकोशी होती. २४ डिसेंबर १९८७ रोजी रामचंद्रन यांचे निधन झाले तेव्हा ती नावड उघड झाली. राजाजी हॉलमध्ये पार्थिवाच्या उशाशी त्या दोन दिवस तासन्‌तास उभ्या राहिल्या. अंत्ययात्रेच्या वेळी तोफगाड्यावरून त्यांना खाली ढकलण्यात आले. मुख्यमंत्रिपद जानकी रामचंद्रन यांना मिळाले. त्याही एकेकाळच्या अभिनेत्रीच. तामिळनाडूच्या पहिल्या अभिनेत्री-मुख्यमंत्री कोण, या प्रश्नाचे खरे उत्तर जानकी हे आहे. पण ते मंत्रिमंडळ महिनाभरही टिकले नाही. १९८९ च्या निवडणुकीत पक्षाचे ‘दोन पाने’ हे चिन्ह गोठविले गेले होते. कोंबडा या चिन्हावर लढून जयललिता गटाने सत्तावीस जागा मिळविल्या. जानकी स्वतःही पराभूत झाल्या. पत्नीला जो वारसा पेलला नाही, तो जिला गाड्यावरून उतरविले तिने मतदारांकडून थेट मिळविला.

त्याच वर्षी २५ मार्च रोजी विधानसभेत जो प्रकार झाला, त्याविषयी दोन पक्षांची दोन कथने आहेत. अर्थसंकल्प मांडला जात असताना हाणामारी झाली, आणि सत्ताधारी सदस्यांनी आपली साडी ओढली असा आरोप विरोधी पक्षनेत्या जयललिता यांनी केला. द्रमुकने तो नाकारला. विस्कटलेल्या केसांनी सभागृहाबाहेर पडलेली त्यांची मूर्ती मात्र लोकांच्या स्मरणात राहिली. राजीव गांधींच्या हत्येनंतर १९९१ मध्ये झालेल्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीने २३४ पैकी २२५ जागा जिंकल्या आणि त्या मुख्यमंत्री झाल्या.

येथून ‘अम्मा’ सुरू होते. नायिकेच्या प्रतिमेत सत्ता मावत नव्हती, म्हणून माता ही प्रतिमा घेतली गेली. आणि ती निव्वळ देखावा होती असे म्हणता येणार नाही. स्त्री-अर्भकांच्या हत्या थांबविण्यासाठी १९९२ मध्ये सुरू केलेली पाळणा योजना, महिला पोलिसांची स्वतंत्र ठाणी, पुढे एक रुपयात इडली देणारी उपाहारगृहे यांचा लाभ गरीब स्त्रियांना खरोखरीच झाला. मतदार प्रेमाने जिंकला. पक्षातील पुरुष मात्र धाकाने. ज्यांनी एकेकाळी ढकलले, त्याच परंपरेतील मंत्री आता भर सभेत साष्टांग दंडवत घालू लागले. अपमानाची ही परतफेड समजण्यासारखी आहे; राज्यकारभाराची रीत म्हणून ती घातक होती. ज्या पक्षात कोणी ‘नाही’ म्हणत नाही, त्याला महिना एक रुपया वेतन घेणाऱ्या मुख्यमंत्र्यांच्या संपत्तीविषयी प्रश्न विचारणारा कोठून मिळणार? मानलेल्या मुलाच्या १९९५ मधील विवाहाच्या थाटाने मतदार दिपला नाही, संतापला. १९९६ मध्ये त्यांच्या पक्षाला अवघ्या चार जागा मिळाल्या आणि त्या स्वतःही पडल्या.

या वचकाचा सर्वांत मोठा तडाखा कोणाला बसला असेल तर तो शिक्षक आणि सरकारी कर्मचारी यांना. निवृत्तिवेतनाचे लाभ कमी केल्याच्या निषेधार्थ २ जुलै २००३ रोजी तामिळनाडूतील कर्मचारी संपावर गेले. सरकारने अध्यादेश काढून चौकशीवाचून सुमारे एक लाख सत्तर हजार लोकांना बडतर्फ केले. हा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. १९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप ज्यांच्या घराने सोसला, त्या महाराष्ट्रातील शिक्षक-कारकुनांना तो अधिक जाणवेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. माफी आणि हमीपत्र लिहून घेऊन बहुतेकांना परत घेण्यात आले. परंतु ६ ऑगस्टच्या निर्णयात न्यायालयाने, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिकही हक्क नाही, असे सांगून टाकले. एका मुख्यमंत्र्यांच्या रागाची किंमत अशी देशभरच्या कर्मचाऱ्यांनी मोजली. या निर्णयाविरुद्ध कामगार संघटनांनी देशव्यापी संप केला तो २४ फेब्रुवारी २००४ रोजी, योगायोगाने जयललितांच्या वाढदिवशीच. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील एकूण एक, एकोणचाळीस जागा त्यांच्या आघाडीने गमावल्या, आणि नंतर काही दिवसांतच कर्मचाऱ्यांवरील कारवाया मागे घेतल्या गेल्या. दंडवत घालणारे मंत्री जे सांगू शकले नाहीत, ते मतपेटीने सांगितले.

त्यानंतरही त्या दोनदा जिंकल्या. २०१६ मध्ये सत्ता राखली, ती रामचंद्रन यांच्यानंतर तामिळनाडूत कोणालाच जमली नव्हती. मधल्या काळात, २०१४ मध्ये, बंगळूरच्या विशेष न्यायालयाने बेहिशेबी संपत्तीबद्दल चार वर्षांची शिक्षा व शंभर कोटींचा दंड ठोठावला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. ५ डिसेंबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहआरोपींची शिक्षा कायम केली. मृत्यूमुळे त्यांच्यापुरता खटला संपला होता. तोवर पक्षात वारशाचे भांडण पेटले होते. मार्चमध्ये निवडणूक आयोगाने ‘दोन पाने’ हे चिन्ह पुन्हा गोठविले.